कुठे जायचं आणि ‘नको’ कोणी म्हणायचं

एप्रिलच्या मध्यात जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळिशीच्या दिशेने सरकला, की ओट्यावर, शाळेच्या स्टाफरूममध्ये, भिशीत आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांवर एकच विषय निघतो: यंदा कुठं जायचं? पुढची यादी साऱ्यांना पाठ असते. गारवा हवा तर तोरणमाळ, नाहीतर सापुतारा. देवदर्शन हवं तर वणी, शिर्डी, शेगाव, ओंकारेश्वर, उज्जैन. एका दिवसात उरकायचं तर पाटणादेवी, मनुदेवी, पद्मालय, उनपदेव. पोरांना काही भव्य दाखवायचं तर नर्मदेकाठचा सरदार पटेलांचा पुतळा. नावं सुचवणाऱ्यांची कधीच वानवा नसते. आणि प्रत्येक गटात एक जण तरी असा असतो, जो सुरुवातीलाच सांगून मोकळा होतो, ‘माले काहीबी चाली.’ हा माणूस साऱ्यांना सोयीचा वाटतो. पण परतीच्या वाटेवर सर्वांत जास्त धुसफुस बहुतेक वेळा याच्याच पोटात असते, असं मला वाटत आलं आहे. या प्रश्नावर जगात जे संशोधन झालं आहे ते वाचताना त्याची कारणंही हळूहळू सापडत जातात.

गटाने मिळून ठिकाण निवडलं तर गटातली माणसं कितपत समाधानी असतात, हा प्रश्न चार वेगळ्या बिरादरीच्या लोकांनी हाताळला आहे. आधी गणितवाले आले, मग मानसशास्त्रवाले, त्यांच्यामागून पर्यटनाचे अभ्यासक, आणि गेल्या वीस-पंचवीस वर्षांत संगणकवाले. त्यांचं एकमेकांशी फारसं बोलणं नसतं. त्यामुळे एकाने सोडवलेलं कोडं दुसरा पुन्हा मांडून बसतो, आणि वाचणाऱ्याला मात्र सगळ्यांकडून थोडं थोडं उचलावं लागतं.

गणितवाल्यांची गोष्ट सर्वांत जुनी. फ्रान्समध्ये कोंदोर्से या विद्वानाने १७८५ मध्ये एक अडचण दाखवून दिली. ती आपल्याकडच्या तिघांवर बसवून पाहू. बँकेतून निवृत्त झालेल्या एकाची पसंती आधी तोरणमाळ, मग सापुतारा, शेवटी ओंकारेश्वर. शिक्षकाची आधी सापुतारा, मग ओंकारेश्वर, शेवटी तोरणमाळ. दुकानदाराची आधी ओंकारेश्वर, मग तोरणमाळ, शेवटी सापुतारा. आता दोन-दोन ठिकाणं समोरासमोर ठेवून मत घ्या. तोरणमाळ की सापुतारा? दोघांच्या मते तोरणमाळ. सापुतारा की ओंकारेश्वर? दोघांच्या मते सापुतारा. म्हणजे तोरणमाळ जिंकलं म्हणावं, तर ओंकारेश्वर की तोरणमाळ असं विचारल्यावर दोघं ओंकारेश्वर म्हणतात. बहुमत गोल गोल फिरत राहतं. अशा वेळी कोणता प्रश्न आधी टाकायचा हे ज्याच्या हातात, त्याच्या मनासारखं ठिकाण ठरतं. केनेथ अ‍ॅरो या अर्थतज्ज्ञाने १९५१ मध्ये याच्याही पुढे जाऊन सिद्ध केलं, की तीन किंवा अधिक पर्याय असतील तर काही साध्या, रास्त अटी एकाच वेळी पाळून प्रत्येक गटाची पसंती बिनचूक मोजणारी मतमोजणीची पद्धत असूच शकत नाही. तेव्हा ‘पोल टाका रे, वाद मिटेल’ म्हणणाऱ्या भाऊंनी हे लक्षात ठेवावं.

गणिताची गाडी मात्र इथेच अडते. सहलीचा वाद मतं मोजता येत नाहीत म्हणून होतो, असं क्वचितच घडतं. बहुतेकदा मतं खरी नसतात, हे त्याचं कारण असतं.

जेरी हार्वे या अमेरिकन प्राध्यापकाने १९७४ मध्ये लिहिलेली स्वतःच्या घरची गोष्ट या विषयात सतत सांगितली जाते. टेक्सासमधलं कोलमन हे छोटं गाव, जुलैची दुपार, १०४ अंश फॅरनहाइट, म्हणजे आपले ४० अंश. (जळगावकरांना हा आकडा मार्चअखेरचा वाटेल.) नवरा-बायको, सासू, सासरे पंखा लावून गार सरबत पीत निवांत बसलेले. सासरे म्हणाले, अ‍ॅबिलीनला जेवायला जाऊ या. अंतर ५३ मैल, आणि गाडी १९५८ ची ब्यूक, एसी नसलेली. बायको म्हणाली, छान कल्पना. जावई म्हणाले, सासूबाईंना यायचं असेल तर चालेल. सासूबाई म्हणाल्या, मला तर जायचंच होतं. धूळ खात गेले, बेचव जेवण जेवले, घामाघूम होऊन परतले. मग एकेकाने तोंड उघडलं. सासूला जायचं नव्हतं, ती बाकीच्यांसाठी गेली. जावई आणि बायको इतरांना खूश ठेवायला गेले. आणि सासरे? त्यांना वाटलं बाकीचे कंटाळले असतील, म्हणून त्यांनी विषय काढला. चार माणसं, चौघांच्याही मनात घरीच बसायचं, आणि चौघांनी मिळून एकमताने भलतंच ठरवलं.

आपल्याकडचा कोणताही संयुक्त कुटुंबवाला ही गोष्ट ऐकून हसेल, कारण त्याच्याकडे अशा दहा तरी असतील. हार्वेचं म्हणणं असं होतं, की गटांना मतभेद जितके जड जातात त्याहून जास्त जड एकमत जातं, कारण ते एकमत खोटं असलं तरी कोणाच्या लक्षात येत नाही. पण खानदेशात हे खोटं एकमत तयार कसं होतं, ते नीट पाहायला हवं. इथे ‘नको’ न म्हणण्याची कारणं ठरलेली आहेत आणि ती खरी कारणं कधीच बैठकीत येत नाहीत.

पहिलं कारण पैसा. माणशी किती येईल हा आकडा निघाला, की ज्याला तो झेपत नाही तो ‘झेपत नाही’ असं कधी म्हणत नाही. तो म्हणतो, मुलाची परीक्षा आहे. केळीचं पाणी चुकेल. सासऱ्यांची तब्येत. कापसाचे पैसे व्यापाऱ्याकडे अडकले असतील तर तेही सांगत नाही. गटाला वाटतं, याला तारीख बदलून हवी आहे. गट तारीख बदलतो, आणि तो पुन्हा नवं कारण शोधतो. दुसरं कारण शरीर. घाटात उलटी होणारी बाई तोरणमाळला ‘नको’ म्हणत नाही. ती म्हणते, तिथे आहे काय बघायला, एक तलाव तर आहे. तिसरं कारण बायकांनाच ठाऊक असतं आणि पुरुषांच्या बैठकीत ते कधी निघत नाही: वाटेत स्वच्छतागृह कुठे आहे, आहे की नाही. रस्त्याच्या कडेला झाडाआड जाणं सोपं असलेली माणसं मार्ग ठरवतात, आणि मग गाडीत पाणी न पिता बसलेल्या बाया संध्याकाळपर्यंत डोकं धरून बसतात. चौथं, सूनबाईने सासऱ्यांच्या समोर ‘मला माहेरी जायचं आहे, सहलीला नाही’ असं म्हणायचं कसं? विशेषतः आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, जेव्हा सगळ्या लेकी माहेरी येतात आणि झाडाला झोके बांधले जातात.

ही कारणं बाहेर येत नाहीत म्हणून यादीतलं प्रत्येक नाव साऱ्यांना चालणारं वाटतं. ठिकाण कोणतंही निवडा, ते कुणाच्या तरी न बोललेल्या नकारावर उभं राहतं. मला या सगळ्या विषयात हाच मुद्दा मध्यवर्ती वाटतो. परतताना गट समाधानी असेल की नाही, हे कोणतं ठिकाण निवडलं यापेक्षा निवडण्याआधी ‘नको’ म्हणायची सोय होती की नाही, यावर जास्त ठरतं.

संगणकवाल्यांना हे वेगळ्या वाटेने समजलं. कोणाला कोणता चित्रपट आवडेल ते सांगणारी यंत्रणा त्यांनी आधी एका माणसासाठी बनवली, मग प्रश्न आला की चार जण एकत्र बसले तर काय सुचवायचं. २००१ मध्ये अमेरिकेत ‘पॉलिलेन्स’ नावाचा प्रयोग झाला. त्यांनी चौघांच्या आवडीची सरासरी काढली नाही. चौघांतला सर्वांत कमी खूश होणारा किती खूश होईल, तेवढंच पाहिलं. ज्युडिथ मास्टहॉफ यांनी २००४ मध्ये लोकांसमोर तीन जणांच्या काल्पनिक आवडीनिवडी ठेवल्या आणि विचारलं, या तिघांसाठी तुम्ही काय निवडाल? लोकांनी सरासरी पाहिली, पण जोडीला कोणाचाही फार छळ होऊ नये याचीही काळजी घेतली. म्हणजे तटस्थ माणसाला हे आपसूक कळतं. अडचण अशी, की सहल ठरवताना तटस्थ कोणीच नसतं.

सप्तशृंगीगडाचं उदाहरण या दृष्टीने फार बोलकं आहे. खानदेश म्हणजे देवीचं माहेर, असं इथली माणसं मानतात. चैत्रात धुळे, जळगाव, नंदुरबारकडून पायी दिंड्या निघतात. त्यामुळे वणीचं नाव काढलं की कोणी विरोध करत नाही. पण गुडघे दुखणाऱ्या आजीसाठी गडाच्या पायऱ्या हा प्रश्न होताच. ती एकतर घरी थांबायची, नाहीतर खाली गाड्यांपाशी बसून पिशव्या सांभाळायची. २०१८ मध्ये गडावर फनिक्युलर ट्रॉली सुरू झाली. ठिकाण तेच, देवी तीच, प्रवास तितकाच. तरी गटाचं समाधान बदललं, कारण गटातली सर्वांत मागे राहणारी व्यक्ती वर पोचू लागली. अशा एखाद्या सोयीने जे साधतं, ते दहा नव्या ठिकाणांची यादी वाचून साधत नाही.

ठिकाण निवडण्याच्या प्रश्नावर थेट बोट ठेवणारं काम व्हिएन्नाच्या तांत्रिक विद्यापीठातल्या अमरा डेलिक, युलिया नाइडहार्ट, हानेस वर्थनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ च्या सुमारास केलं. विद्यार्थ्यांना आधी एकेकट्याने दहा ठिकाणांबद्दलची आपली पसंती नोंदवायला लावली. मग गटात समोरासमोर बसून एक ठिकाण ठरवायला सांगितलं. चर्चा चालू असताना निरीक्षक बघत होते, आणि ठरल्यावर प्रत्येकाला विचारलं, निर्णयावर तुम्ही किती समाधानी? त्यांचं म्हणणं असं, की या विषयावरचं बहुतेक संशोधन एक गृहीत धरून चालतं: माणसांच्या आवडी भांडतात, तेव्हा त्या न्याय्य रीतीने बेरीज करून जुळवल्या की झालं. कोणती बेरीज सर्वोत्तम, याचं ठाम उत्तर मात्र कुणाला मिळालेलं नाही. म्हणून त्यांनी बेरजेकडून लक्ष काढून चर्चेकडे वळवलं: माणसाचा स्वभाव, गटातले लोक एकमेकांच्या किती जवळचे, बोलणं कसं झालं. या गोष्टींचा समाधानाशी संबंध त्यांना दिसला, आणि पूर्ण चर्चेला मदत करणारी साधनं बनवावीत, असा त्यांचा आग्रह राहिला.

बेल्जियममध्ये अ‍ॅलन डेक्रॉप यांनी तीच गोष्ट घरांत जाऊन पाहिली. एकटे राहणारे, जोडपी, कुटुंबं आणि मित्रांचे कंपू यांना वर्षभर पुन्हा पुन्हा भेटून त्यांनी सुट्टीचं कसं ठरतं ते ऐकलं. मित्रांच्या कंपूत एकमताची घाई सर्वांत जास्त, असा त्यांचा निष्कर्ष. इथल्या कॉलेजच्या पोरांना हे सांगायलाच नको. त्यांच्यात ‘काय भो, चलतो का’ एवढ्याच प्रश्नावर सहल ठरते, आणि कुठं जायचं ते टोलनाक्यावर कळतं.

इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलला सुट्टीवर आलेल्या कुटुंबांचा १९९७ चा एक अभ्यास मुलांबद्दल आहे. त्यात असं दिसलं, की मुलं मोठ्यांशी वाटाघाट करूनही आपलं काही मिळवतात. शिवाय त्यांना भूक लागते, झोप येते, आणि त्यावर मोठ्यांचा सगळा दिवस फिरतो. ‘नको’ न म्हणताही आपलं म्हणणं खरं करणारा गटातला हा एकमेव घटक. अजिंठ्याला फर्दापूरच्या तिठ्यावर आपली गाडी सोडून लेण्यांकडे जाणाऱ्या बसच्या रांगेत उभं असताना एका रडणाऱ्या लेकराने अख्ख्या कुटुंबाचा बेत कसा बदलला, हे तिथे थोडा वेळ उभं राहिलं तरी बघायला मिळतं.

आता मानसशास्त्रवाल्यांकडे. न्यायालयातल्या वादांचा अभ्यास करताना थिबो आणि वॉकर यांनी १९७५ मध्ये एक गोष्ट मांडली: निकाल आपल्या विरुद्ध गेला तरी आपलं म्हणणं ऐकून घेतलं गेलं असेल, तर माणसाला निकाल जास्त न्याय्य वाटतो. लिंड, कॅन्फर आणि अर्ली यांनी १९९० मध्ये प्रयोग करून याचं टोक दाखवलं. एका गटाला निर्णयाआधी बोलू दिलं, दुसऱ्याला निर्णय झाल्यावर, तिसऱ्याला बोलूच दिलं नाही. आधी बोललेल्यांना व्यवहार सर्वांत न्याय्य वाटला, हे अपेक्षितच. पण निर्णय झाल्यावर बोललेल्यांनाही, म्हणजे ज्यांच्या बोलण्याने काहीही बदलणार नव्हतं त्यांनाही, अजिबात न बोललेल्यांपेक्षा तो जास्त न्याय्य वाटला.

हे वाचल्यावर जुन्या घरांतला कारभारी आठवतो. निर्णय तोच घ्यायचा, पण विचारायचा सर्वांना, अगदी धाकट्या सुनेला सुद्धा, दारातून आत डोकावून. त्याने ठरवलेल्या ठिकाणी कोणी कुरकुरत नसे, आणि आज ‘लोकशाही पद्धतीने’ ठरवलेल्या सहलीत सगळे कुरकुरतात. त्या कारभाऱ्याचं कौतुक किती करायचं, हा प्रश्न आहेच. दारातून डोकावून विचारलेल्या प्रश्नाला ‘नको’ असं उत्तर देता येत होतं का? बहुधा नाही. म्हणजे तिथे ऐकून घेतल्याचा आभास होता, आणि माणसाला तो आभासही पुरतो, असंच लिंड आणि मंडळींचा प्रयोग सांगतो. मला ही गोष्ट फारशी सुखावह वाटत नाही.

व्हॉट्सअ‍ॅपच्या पोलमध्येही विचारल्याचा आभासच असतो, दोष तिथेच आहे. २०२२ च्या अखेरीस ही सोय आल्यापासून गट त्यावर भरवसा ठेवतात. पण कोणी कुठे मत दिलं, ते नावासकट दिसतं. पहिली तीन-चार मतं पडली, की पुढच्यांची बोटं तिकडे वळतात. आणि ती पहिली मतं बहुधा ज्याचा आवाज मोठा त्याची आणि त्याच्या जवळच्यांची असतात. डॅन अरिएली आणि जोनाथन लेवाव यांनी २००० मध्ये एक मजेशीर प्रयोग छापला. अमेरिकेतल्या एका पानगृहात एका टेबलावरच्या मंडळींनी आपापलं पेय मोठ्याने सांगितलं, दुसऱ्या टेबलावर प्रत्येकाने कागदावर लिहून दिलं. मोठ्याने सांगणाऱ्यांनी शेजाऱ्याने घेतलेलं टाळलं, वेगळं मागवलं, आणि शेवटी ते कमी समाधानी राहिले. सर्वांत आधी सांगणारा तेवढा खूश. हाच प्रयोग हाँगकाँगमध्ये झाला तेव्हा उलटं झालं: तिथे माणसं शेजाऱ्यासारखंच मागवू लागली. वेगळं असो की सारखं, स्वतःला हवं ते दोन्हीकडे राहून गेलं. खानदेशी माणूस हाँगकाँगच्या टेबलावर बसलेला असतो, हे सांगायला नको. यावर उपाय अगदी साधा आहे: चिठ्ठी. आणि चिठ्ठीवर ‘कुठं जायचं’ लिहून घेण्याऐवजी ‘कुठं नको’ लिहून घ्यायचं, बिननावाचं. ज्या ठिकाणावर कुणाचीही काट नाही त्यांच्यातून निवडायचं. मास्टहॉफ यांच्या प्रयोगातल्या माणसांनी जे आपसूक केलं, ते चिठ्ठ्यांनी होतं.

आणि यादीच नसेल, ठिकाण आधीच ठरलेलं असेल तर? खानदेशातले सर्वांत मोठे सामूहिक प्रवास तसेच आहेत. मुक्ताईनगरहून संत मुक्ताबाईंची पालखी आषाढीला पंढरपूरला निघते, महिनाभराहून अधिक चालते. तिच्या दिंडीत ‘कुठं जायचं’ यावर कोणी कधी बैठक घेतली नाही. श्रावणात कानबाई देवी बसते, तेव्हा सुरत, नाशिक, पुणे, मुंबईकडची भाऊबंदकी गावी येते, रोट होतात, आणि त्या रजेचं ठिकाण आधीच ठरलेलं असतं. पर्याय नसला तर समाधान घटतं का? गिल्बर्ट आणि एबर्ट या मानसशास्त्रज्ञांनी २००२ मध्ये छायाचित्रण शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना आपल्या दोन चित्रांतलं एक ठेवून घ्यायला सांगितलं. काहींना नंतर बदलून घेण्याची मुभा दिली, काहींना नाही. ज्यांना बदलता येणार नव्हतं, तेच आपल्या चित्रावर जास्त खूश राहिले. आणि विचारल्यावर माणसं मात्र बदलण्याची मुभा मागतात. दिंडीतल्या वारकऱ्याच्या चेहऱ्यावरचं समाधान भक्तीचं आहे, हे उघड आहे. त्यात पर्याय नसल्याचा वाटा किती, हे कोणी मोजलेलं नाही. शिवाय दिंडीत ‘नको’ म्हणायची सोय वेगळ्या जागी असते. ठिकाणाला नकार देता येत नाही, पण कोणत्या दिंडीत चालायचं, कुठून सामील व्हायचं, किती मुक्कामांनंतर परतायचं, हे प्रत्येकाचं आपापलं.

हिवाळ्यातली भरीत पार्टी हा याहूनही चांगला नमुना. डिसेंबर-जानेवारीत असोदा, बामणोदकडची हिरवट-पांढरी भरताची वांगी निघाली, की जळगावात गट ठरतात.  कापसाच्या वाळलेल्या काड्यांवर वांगी भाजायची, लसूण-मिरचीबरोबर ठेचायची, कळण्याची भाकरी किंवा पुऱ्या. कुणाचं शेत, यावर वाद होत नाही, कारण शेत कुणाचंही असलं तरी चालतं. खायचं काय हे आधी ठरलेलं असतं. सहलींत उलटं होतं. ठिकाण आधी, आणि तिथे जाऊन करायचं काय हे नंतर. अर्धा गट फोटो काढायला आला असतो, अर्धा झोपायला, आणि ते एकमेकांना पहिल्या मुक्कामी कळतं.

धुळेकरांची गोष्ट जळगावपेक्षा थोडी वेगळी आहे, ती दळणवळणामुळे. जळगाव-भुसावळ मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावर; गट तिथे रेल्वेचा विचार करू शकतो. धुळे चाळीसगावच्या फाट्यावर असल्यामुळे तिथे सगळा भर रस्त्यावर, आणि रस्ता म्हणजे क्रूझर, टेम्पो ट्रॅव्हलर किंवा एसटीचा प्रासंगिक करार. गाडी ठरली की सीट ठरतात, आणि सीट ठरल्या की माणसं. सतराची गाडी घेतली आणि पंधरा जण असले, तर उरलेल्या दोन सीट भरायला कोणाचे तरी मेहुणे येतात, ज्यांना कुणी काही विचारलेलं नसतं. एसटीने १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट केलं, तेव्हा बायकांच्या भिशी आणि बचतगटांच्या सहलींना हात मिळाला. सवलत राज्याच्या हद्दीपुरती असल्यामुळे निवडही आपोआप तिकडे झुकते: सापुतारा, ओंकारेश्वर मागे पडतात, वणी, शिर्डी, शेगाव पुढे येतात. रेल्वेचं आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० दिवसांऐवजी ६० दिवस आधी सुरू होतं, आणि याने चर्चा निम्म्यावर आली. काही गटांना ती लाभली, कारण लांबलेली चर्चा नेहमी चांगली नसते. ती बऱ्याचदा एकाच्याच तोंडची असते.

या सगळ्यात दोष कोणाचा, हा वेगळाच विषय. ज्याने ठिकाण सुचवलं त्याच्यावर सगळं खापर फुटतं. अजिंठ्याची लेणी सोमवारी बंद असतात, वेरूळची मंगळवारी. दोन्ही एकाच सहलीत बसवताना हे विसरलेल्या माणसाला गावात वर्षानुवर्षं ‘सोमवार’ म्हणून ओळखलं जातं. लोक बैठकीत गप्प बसतात त्याचं हेही एक कारण: न सुचवणाऱ्याला दोष लागत नाही. महाराष्ट्रात केसरी या सहल कंपनीने १९८४ पासून आणि वीणा वर्ल्डने २०१३ पासून जे विकलं, त्यात तिकीट-हॉटेलाबरोबर ही दोषमुक्तीही होती, असं मला वाटतं. ठरवलेला दिवसभराचा कार्यक्रम, बरोबर टूर मॅनेजर. पाऊस पडला, उशीर झाला, जेवणात मीठ जास्त झालं, तर बोल लावायला घरचं कोणी नाही. भावाभावांतलं नातं त्यामुळे शाबूत राहतं, आणि त्याचे पैसे लोक आनंदाने मोजतात.

समाधान नेमकं मोजायचं कधी, यावर मात्र संशोधकांत गोंधळ आहे, आणि तो मला रास्त वाटतो. नेदरलँड्समध्ये नावेन आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये १,५३० जणांचा अभ्यास छापला. सुट्टीला जाणारे जाण्याआधी न जाणाऱ्यांपेक्षा जास्त आनंदी होते. परतल्यावर, अगदी निवांत सुट्टी घालवलेले सोडले, तर दोघांत फरक उरला नव्हता. म्हणजे मजा ठरवण्यात, यादी करण्यात, चिवडा-शंकरपाळी करण्यात. मिचेल आणि इतरांनी १९९७ मध्ये दाखवलं, की माणसं प्रवासाआधी आणि नंतर त्याला जितकं चांगलं म्हणतात, तितकं प्रवास चालू असताना म्हणत नाहीत. वर्ट्झ आणि मंडळींनी २००३ मध्ये कॉलेजच्या मुलांच्या सुट्टीवर पाहिलं, की पुन्हा जायचं की नाही हे आठवणींवर ठरतं, त्या वेळी कसं वाटलं यावर नाही. गाडी पंक्चर झालेली रात्र दोन वर्षांनी सर्वांत गाजलेली गोष्ट होते. त्यामुळे परतल्यावर दोन दिवसांनी भरून घेतलेल्या प्रश्नावलीवर फार विसंबू नये.

राज्य सरकारची २०२४ ची मुख्यमंत्री तीर्थदर्शन योजना याच प्रश्नाला दुसऱ्या बाजूने भिडते. साठ वर्षांवरील नागरिकांसाठी, माणशी ३० हजारांपर्यंत खर्च, आणि ठिकाणांची यादी सरकारची. घरातल्या आजोबांना पहिल्यांदा ‘कुठं जायचं’ हे घरातल्या कोणाकडे न बघता ठरवता आलं. मुलांची सवड, सुनेची रजा, नातवाची परीक्षा यातलं काहीच आड आलं नाही.

या साऱ्या अभ्यासांत एक मोठी गळती आहे. व्हिएन्नाचे विद्यार्थी टेबलावर बसलेले होते. बेल्जियमची कुटुंबं सुट्टीचं बोलत होती. कॉर्नवॉलचे लोक कॉर्नवॉलला पोचले होते. जे आलेच नाहीत त्यांना कोणी विचारलं नाही. सहलीत ‘नको’ म्हणण्याची सोय नसेल तर माणूस जाग्यावरून उठतो आणि येत नाही. ‘मुलाची परीक्षा’ म्हणणारा, ‘केळीचं पाणी’ म्हणणारा, पिशव्या सांभाळण्याचा कंटाळा आलेली आजी. गाडीतल्या पंधरांचं समाधान मोजलं तर ते उत्तमच येतं, कारण नाराज मंडळी गाडीत नसतात. पुढच्या वर्षी व्हॉट्सअ‍ॅपवर सहलीचा नवा गट निघतो, आणि त्यात त्यांचे नंबर टाकलेले नसतात. त्यांना तिथे नसल्याचं कळायलाही कधीकधी दोन-तीन महिने लागतात, कुणाच्या तरी स्टेटसला फोटो दिसेपर्यंत. त्यातल्या काही जणी दर चैत्रात वणीच्या वाटेवर मात्र असतात. तिथे सीट मोजाव्या लागत नाहीत, माणशी किती येईल हे कोणी विचारत नाही, आणि चहा-फराळ वाटेवरच्या गावांतली माणसं पुढे होऊन देतात.